चमचाभर कोळशातली वीस गुंठे जमीन

जळगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत येणारी गाडी बारडोली मागे टाकून उधन्याकडे निघाली की सुरत दिसायच्या आधी तिचा वास येतो. डिंडोली याच रुळांजवळ वसलेली आहे. खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या हजारो कुटुंबांनी इथे घर केलं. सोसायटीच्या जिन्यात अहिराणी ऐकू येते, भाजलेल्या वांग्याचा धूर रेंगाळतो, आणि हिरव्या मिरचीची फोडणी बसली की शेजारपाजारच्या घरांत ठसका लागतो. पश्चिमेला पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिल आहेत. पॉलिएस्टरवर रंग चढवल्यावर वर राहिलेला जादा रंग धुऊन काढायला तिथे सोडियम हायड्रोसल्फाइट लागतं. कामगार त्याला नुसतं ‘हायड्रो’ म्हणतात, आणि त्याचा गंधकासारखा वास शर्टात बसून पाळी सुटल्यावर घरी येतो. उन्हाळ्यात खाडीकडून वारा फिरला की पटापट खिडक्या बंद होतात.

खिडकी लावली, उदबत्ती पेटवली, पंखा फुल केला. थोड्या वेळाने घरातलं कोणीतरी म्हणतं, गेला वास. पण तो गेला कुठे? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं, की रसायनशास्त्रातल्या सर्वांत थक्क करणाऱ्या गोष्टींपैकी एक समोर येते. तिचा नायक आहे लोणाऱ्यांच्या भट्टीतून पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडलेला काळा, हलका, हाताला माखणारा कोळसा.

वास म्हणजे पदार्थच

आवाज ही हवेची थरथर असते, प्रकाश ही ऊर्जा असते. वास मात्र पदार्थ असतो. खाडीचा वास आला याचा अर्थ खाडीतून सुटलेले रेणू हवेतून तरंगत आले आणि खरोखर आपल्या नाकात शिरले. नाकाच्या अगदी वरच्या भागात, जेमतेम काही चौरस सेंटिमीटरच्या पातळ पडद्यावर त्यांना ओळखणाऱ्या पेशी असतात. माणसाजवळ असे वास टिपणारे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे आहेत. एकच रेणू अनेक ग्राहकांना कमी-अधिक चेतवतो, आणि त्या संगतीतून मेंदू ओळखतो की ही कोथिंबीर, हे रॉकेल, हे नासलेलं दूध. या ग्राहकांची जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधली आणि २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं.

या इंद्रियाची तीक्ष्णता आकड्यांत पाहिली की मन चक्रावतं. स्वयंपाकाच्या गॅसला जो वास असतो त्यातला इथाइल मरकॅप्टन हा पदार्थ हवेत अब्जात एक भाग असला तरी नाकाला कळतो. शंभर कोटी रेणूंमध्ये एक! आता याच आकड्याची दुसरी बाजू पाहा. घरातल्या हवेच्या एका घनसेंटिमीटरमध्ये सुमारे पंचवीसच्या पुढे अठरा शून्यं लावावीत इतके रेणू असतात. त्यातला अब्जावा भाग काढला तरी अडीच हजार कोटी रेणू उरतात, तेही बोटाच्या पेरात मावेल एवढ्या हवेत. घरातला वास घालवायचा म्हणजे अशा अगणित रेणूंना कुठेतरी जागा द्यायची.

उदबत्ती हे काम करत नाही. ती हवेत आणखी रेणू आणि बारीक धूर सोडते. खाडीचे रेणू जिथे होते तिथेच राहतात, फक्त त्यांच्यावर चंदनाचा थर येतो. दरम्यान नाकही थकतं. एकच वास सतत येत राहिला की मेंदू त्याची दखल घेणं सोडतो. म्हणून बाहेरून आलेल्या पाहुण्याला जो वास दारातच जाणवतो, तो घरच्यांना जाणवत नाही. वास खरोखर घालवायचा तर तीनच मार्ग आहेत: ते रेणू घराबाहेर काढायचे, रासायनिक क्रियेने मोडायचे, किंवा धरून ठेवायचे. धरून ठेवण्यात कोळशाचा हात कोणी धरू शकत नाही.

गुंठ्यांचा हिशेब

वास धरण्यासाठी खास तयार केलेल्या कोळशाला ॲक्टिव्हेटेड कार्बन, मराठीत सक्रिय कोळसा म्हणतात. त्याच्या एका ग्रॅमचं अंतर्गत पृष्ठफळ साधारण ५०० ते १,५०० चौरस मीटर भरतं. सोयीसाठी हजार धरू. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे एका ग्रॅम कोळशात जवळजवळ दहा गुंठे जमीन आहे. चहाच्या चमच्यात अशा दाण्यांचे दोन-अडीच ग्रॅम मावतात, ती झाली वीस-पंचवीस गुंठे. चार ग्रॅमला एकर भरतो.

वाटण्या होत होत ज्यांच्या वाट्याला गावाकडे पाच-दहा गुंठे राहिले आणि म्हणून ज्यांनी सुरतेची गाडी धरली, त्यांना या आकड्याचं मोल वेगळं सांगायला नको. एवढी जमीन चमचाभर काळ्या दाण्यांत कशी मावते?

ती आत दडलेली असते. हा कोळसा कार्बनच्या एकेका अणूइतक्या पातळ, तुटक्या-वाकड्या पापुद्र्यांचा बनलेला असतो. पापुद्रे एकमेकांवर नीट न बसता वेडेवाकडे अडकलेले असतात आणि त्यांच्यामध्ये फटी राहतात. एक ग्रॅम कार्बनचा प्रत्येक अणू दोन्ही बाजूंनी उघडा राहील असा एकच सपाट पापुद्रा पसरवता आला, तर दोन्ही बाजू मिळून २,६३० चौरस मीटर भरतील. अशा पापुद्र्याची ती कमाल मर्यादा. आपल्या कोळशाने तिच्या एक तृतीयांशाहून जास्त मजल मारलेली असते. म्हणजे या दाण्यात ‘आतलं’ असं फारसं काही उरतच नाही, त्याचा मोठा हिस्सा पृष्ठभागच असतो.

सर्वांत महत्त्वाच्या फटी दोन नॅनोमीटरहूनही अरुंद असतात. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. वासाचा रेणू साधारण अर्धा ते एक नॅनोमीटरचा. तो अशा फटीत शिरला की त्याला दोन्ही बाजूंच्या भिंती एकाच वेळी ओढतात. ही ओढ व्हॅन डर वाल्स यांच्या नावाने ओळखली जाते. या डच शास्त्रज्ञाला १९१० मध्ये नोबेल मिळालं. ती अतिशय दुबळी असते आणि कोणत्याही दोन रेणूंमध्ये, अगदी जवळ आल्यावरच, जाणवते. उघड्या सपाट भिंतीवर रेणू क्षणभर टेकून उडून जाईल. अरुंद फटीत मात्र चहूबाजूंची दुबळी ओढ एकत्र होते आणि रेणू अडकतो. एकामागून एक येणारे रेणू तिथे इतके दाटीने बसतात की वायूचा जवळजवळ द्रव होतो. कोळशाने त्यांना मोडलेलं नसतं, जाळलेलं नसतं, फक्त बसवून ठेवलेलं असतं.

करवंटीची भट्टी

चुलीतला कोळसा कपाटात ठेवून पाहिला तर तो फारसं काही करत नाही. लाकूड जळताना निघालेल्या डांबरासारख्या चिकट पदार्थांनी त्याच्या फटी बुजलेल्या असतात. त्या उघडाव्या लागतात, आणि उघडण्याची रीत मोठी सुंदर आहे.

वास आणि वायू पकडण्यासाठी नारळाच्या करवंटीचा कोळसा उत्तम मानतात. कोकणात जी करवंटी आंघोळीच्या पाण्याखाली जळते, तीच. ती कठीण आणि घट्ट असते, म्हणून तिच्या कोळशात अत्यंत अरुंद फटी भरपूर तयार होतात आणि दाण्याचा भुगा होत नाही. आधी करवंट्या हवा लागू न देता भाजतात. मग तो कोळसा ८०० ते १,००० अंश सेल्सियसच्या भट्टीत घालून त्यावर पाण्याची वाफ सोडतात. त्या तापमानाला वाफ कार्बनच्या अणूंशी क्रिया करते आणि कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन वायू होऊन निघून जाते. जाताना ती कोळशाचे अणू एकेक करून उचलून नेते. आधीच्या फटी खोल होतात, बुजलेल्या उघडतात, नव्या कोरल्या जातात. पाण्याच्या वाफेने कोळशात लेणी खोदायची, हीच ती कला. जास्त वेळ वाफ दिली तर भिंती कोसळतात, कमी दिली तर दालनं उघडत नाहीत. भट्टीवाल्याचं कसब नेमकं कुठे थांबायचं यात आहे.

तामिळनाडूत कांगेयम आणि पोल्लाचीच्या परिसरात हा मोठा उद्योग आहे, आणि भारतीय करवंटीचा कोळसा जगभर जातो. पाण्याच्या आरओ मशीनमध्ये, सोन्याच्या खाणीत, विषबाधा झालेल्या रुग्णाच्या पोटात, सगळीकडे तो पोचतो. काही विषांवर डॉक्टर मोठ्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम सक्रिय कोळसा पाण्यात कालवून पाजतात. वरच्या हिशेबाने ती साडेबारा एकर जमीन झाली, आणि विष रक्तात शिरण्याआधी तिच्यावर जाऊन बसतं.

चुकीची समजूत, बरोबर चाळणी

कोळसा हवा शोषतो हे कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने १७७३ मध्येच पाहिलं होतं. १७८५ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये लोविट्झ यांच्या लक्षात आलं की कोळसा द्रवातला रंगही काढून घेतो. पण वासाविरुद्ध कोळशाला उभं केलं ते लंडनमधल्या जॉन स्टेनहाउस या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने. १८५४ मध्ये त्याने तोंडावर बांधायची कोळशाची जाळी तयार केली, आणि खोल्यांत येणारी हवा व गटारांतून सुटणारी हवा कोळशाच्या थरातून गाळण्याचा मार्ग दाखवला.

त्याने हे केलं त्यामागचं कारण मात्र चुकीचं होतं. त्या काळी युरोपातले बहुतेक डॉक्टर मानत की दुर्गंधी हाच रोग आहे, सडक्या हवेतूनच पटकी आणि ताप येतात. त्याच १८५४ साली, त्याच लंडनमध्ये, जॉन स्नो यांनी पटकी पाण्यातून पसरते हे ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवून दिलं. समजूत पुढे कोसळली, पण चाळणी टिकली. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने क्लोरीन सोडला, आणि काही महिन्यांतच रशियन रसायनतज्ज्ञ निकोलाय झेलिन्स्की यांनी सक्रिय कोळशाचा मुखवटा तयार केला. १९१८ मध्ये अमेरिकेत लोकांना पीच फळाच्या कोया आणि कठीण कवचांची टरफलं जपून ठेवून द्यायला सांगितलं गेलं, कारण त्यांचा कोळसा सैनिकांच्या मुखवट्यांत जाणार होता. घरोघरच्या कचऱ्यातून आलेल्या कोया खंदकात माणसांचे प्राण वाचवत होत्या.

सुरतेला वास आणि रोग यांचं नातं १९९४ मध्ये फार कठोरपणे कळलं. पूर ओसरल्यानंतर त्या सप्टेंबरमध्ये शहरात प्लेगची साथ पसरली आणि लाखो माणसं मिळेल त्या गाडीने गावी पळाली. खानदेशाकडे जाणाऱ्या गाड्याही खच्चून भरल्या होत्या. प्लेग दुर्गंधीने होत नाही, तो जिवाणूने होतो. पण जिथे कचरा कुजतो तिथे उंदीर वाढतात, आणि कुजण्याची खबर सर्वांत आधी नाक देतं. पुढच्या वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त झाले आणि त्यांनी हे शहर घासून-पुसून उभं केलं. त्या सफाईने वास गेला, कारण वासाचं मूळ गेलं.

तंबूतलं झाड आणि आत ओढलेली हवा

सक्रिय कोळशाचा आज एक अनपेक्षित ग्राहक आहे: गांजाचं झाड. भारतात परवान्याशिवाय ते लावणं १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि खानदेशातच शिरपूर तालुक्यात, सातपुड्याच्या कुशीत लपवलेली गांजाची शेतं पोलीस वारंवार उपटून काढतात. कॅनडाने मात्र १७ ऑक्टोबर २०१८ पासून त्याला कायदेशीर मान्यता दिली. तिथे बहुतेक प्रांतांत घरात चार झाडं लावता येतात. थंडीमुळे लोक ती कापडी तंबूत, दिव्याखाली वाढवतात, आणि फुलोरा आला की शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू होतात, इतका त्या झाडाचा वास उग्र असतो.

या वासाची घडण पाहण्यासारखी आहे. मादी फुलांवरच्या सूक्ष्म ग्रंथींत टर्पीन नावाचे तेलकट पदार्थ तयार होतात. त्यांतलं लिमोनीन लिंबाच्या सालीत असतं, पायनीन चीड-देवदारात, कॅरिओफिलीन मिरी-लवंगेत आणि मिरसीन आंब्यात. म्हणजे घटक बरेचसे आपल्या स्वयंपाकघरातलेच. मग तो डोक्यात जाणारा उग्रपणा कुठून येतो? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की त्यामागे गंधकयुक्त रेणूंचा एक छोटा गट आहे. प्रमाण अत्यल्प, पण नाक गंधकाच्या बाबतीत फारच जागरूक. उन्हात राहून बिघडलेल्या बिअरला जो वास येतो, त्यातही याच गटातला रेणू असतो.

तंबूचा हा वास ज्या तत्त्वाने अडवतात ते फार मोलाचं आहे, कारण तेच तत्त्व इस्पितळात आणि मैलापाणी केंद्रातही लागतं. वास भिंतींनी अडत नाही. कापड कितीही जाड असो, शिवणीतून, चेनमधून, तारेच्या भोकातून रेणू बाहेर पडतातच. म्हणून भोकं बुजवण्याऐवजी पंख्याने आतली हवा सतत बाहेर ओढतात आणि ती कोळशाच्या नळकांड्यातूनच जाईल अशी सोय करतात. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी होतो. मग प्रत्येक फटीतून बाहेरची हवा आत येते, आतली बाहेर जाऊ शकत नाही. ज्या फटी शत्रू होत्या त्याच राखणदार होतात. कोळशाच्या थरातून हवा सेकंदाच्या काही अंशात पार होते, आणि तेवढ्यात वासाचे रेणू आपापल्या फटीत जाऊन बसतात.

क्षयरोगाच्या रुग्णांसाठी इस्पितळांत ज्या वेगळ्या खोल्या असतात तिथेही दाब असाच कमी ठेवतात, फक्त जंतू टिपायला तिथे कोळशाऐवजी बारीक तंतूंची गाळणी असते. प्रयोगशाळेतली धुरांडी याच तत्त्वावर चालतात. घरातही हे लागू आहे: संडास-बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा चालू असेल आणि दार लोटलेलं असेल, तर वास घरात येत नाही. स्वयंपाकघरात पंखा चालू ठेवून समोरची खिडकी थोडी किलकिली केली की फोडणीचा ठसका जिन्यात न जाता बाहेर जातो.

सुरतेच्या दमट हवेत

इतका गुणी कोळसाही हार मानतो, आणि सुरतेत तर लवकर मानतो. समुद्र जवळ, तापी शहरातून वाहते, पावसाळ्यात हवा पाण्याने जड झालेली. सापेक्ष आर्द्रता साठ-सत्तर टक्क्यांच्या वर गेली की पाण्याची वाफच कोळशाच्या फटींत जाऊन साचते आणि वासाच्या रेणूंना जागा कमी पडते. एरवी महिनोन्‌महिने चालणारा कोळसा श्रावणात लवकर निकामी झाला तर नवल नाही. शिवाय जागा भरत चालल्या की जड रेणू हलक्या रेणूंना हुसकावून त्यांची जागा घेतात. अगदी भरलेला कोळसा आधी धरलेला वास परत सोडू लागतो.

उन्हात वाळवला की कोळसा नवा होतो, असं विकणारे सांगतात. ते अर्धसत्य आहे. उन्हाने पाणी आणि काही हलके रेणू निघून जातात, पण खोलवर रुतलेले रेणू काढायला पुन्हा आठशे-नऊशे अंशांची भट्टीच लागते. धुराडं बाहेर न काढलेल्या स्वयंपाकघराच्या चिमणीतला कार्बन फिल्टरही धुऊन चालत नाही. फोडणीचं तेल त्याच्या फटींत कायमचं बसतं. तो बदलावाच लागतो.

आणि एक वायू असा आहे की त्यापुढे साधा कोळसा दुबळा पडतो. दुर्दैवाने खाडीचा आणि गटाराचा मुख्य वास त्याचाच: हायड्रोजन सल्फाइड, सडलेल्या अंड्याचा वास. सांडपाणी साचलं, त्यातला ऑक्सिजन संपला, की काही जिवाणू पाण्यातल्या सल्फेटवर श्वास चालवतात आणि उच्छ्‌वासात हा वायू सोडतात. पाणी जितकं कोमट आणि संथ, तितके हे जिवाणू जोमात. हाच वायू गटाराच्या छताला लागला की दुसरे जिवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते सिमेंटचे पाइप वरून खात जातं. एका जिवाणूचा उच्छ्‌वास दुसऱ्याचं अन्न, आणि त्या दोघांच्या मेजवानीत शहराची गटारं झिजतात.

हायड्रोजन सल्फाइडचा रेणू लहान आणि हलका, त्यामुळे साध्या कोळशावर टिकत नाही. म्हणून मैलापाणी केंद्रांसाठी कोळसा कॉस्टिक सोड्यासारख्या क्षारात भिजवून तयार करतात. मग तो वायूला नुसता बसवत नाही, त्याचं रूपच बदलतो: गंधक सुटं होतं आणि फटींत साचतं. काही ठिकाणी काथ्या, लाकडाचे तुकडे आणि खत यांचे ओलसर वाफे करून त्यांतून हवा सोडतात. वाफ्यांतले जिवाणू तो वास खाऊन टाकतात.

डिंडोलीत महापालिकेचं मैलापाणी शुद्धीकरण केंद्र आहे. शेजारच्या बमरोलीत २०१४ पासून रोज चार कोटी लिटर सांडपाणी पुढच्या टप्प्यापर्यंत शुद्ध करून पांडेसऱ्याच्या मिलना दिलं जाऊ लागलं, आणि नंतर डिंडोलीतही तसा प्रकल्प आला. ज्या पाण्याच्या वासाने खिडक्या लागायच्या, त्याच पाण्यात आज साड्यांचं कापड रंगतं. अंजना इथल्या केंद्राने तर २००३ मध्येच मैल्यातून सुटणाऱ्या वायूवर वीज तयार करून देशाला वाट दाखवली. दुर्गंधी म्हणजे वाया जाणारी ऊर्जा आणि वाया जाणारं गंधक. ती पकडली की कामाला येते.

मुद्दाम घातलेला वास

सुरतेच्या पश्चिम टोकाला हजिरा आहे. मुंबईजवळच्या समुद्रातून, वसईच्या वायुक्षेत्रातून, नळाने येणारा नैसर्गिक वायू तिथे किनाऱ्याला लागतो. त्यातही हायड्रोजन सल्फाइड असतो, तो प्रकल्पात धुऊन काढतात आणि त्याचं गंधक वेगळं करतात. शुद्ध झालेल्या वायूला कसलाच वास उरत नाही. आणि मग तो घरोघरच्या शेगडीपर्यंत जाण्याआधी त्यात गंधकयुक्त रेणू मुद्दाम मिसळतात! एका टोकाला जो वास काढायला एवढा खटाटोप, दुसऱ्या टोकाला तो पुन्हा घालायचा.

त्याला कारण आहे. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत वास नसलेला वायू गळत राहिला, कोणाला कळलं नाही, आणि स्फोटात जवळजवळ ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्यानंतर वायूला वास देणं सक्तीचं होत गेलं. आज शेगडीचं बटण नीट बंद नसेल तर मध्यरात्री झोपेतून उठवतो तो वास त्या मुलांच्या मृत्यूनंतर आपल्या घरात आला आहे.

म्हणून वास घालवण्याच्या प्रत्येक उपायाआधी एक प्रश्न विचारायचा: हा वास काय सांगतो आहे? चपलांच्या कपाटात किंवा फ्रीजमध्ये कोळशाची पिशवी ठेवावी, खुशाल ठेवावी, आणि चार-सहा महिन्यांनी बदलावी. पण भिंतीतून ओलीचा वास येत असेल तर आधी गळती शोधावी. न्हाणीघराच्या मोरीतून वास येत असेल तर तिथल्या जाळीखालचं पाणी आटलं आहे का ते पाहावं. तळाशी नेहमी राहणारं ते थोडंसं पाणीच गटाराचा वायू अडवतं. बरेच दिवस बंद असलेल्या घरात ते सुकतं, आणि बादलीभर पाणी ओतलं की काम होतं. गॅसचा वास आला तर दिव्याचं बटणही न दाबता खिडक्या उघडाव्यात आणि रेग्युलेटर बंद करावा.

सर्वांत जपायचं ते हायड्रोजन सल्फाइडपासून. हवेत तो अब्जात काही भाग असला तरी नाकाला कळतो, पण दहा लाखात शंभर भागांच्या वर गेला की नाकाच्या जाणिवा बधिर करतो. वास एकदम नाहीसा होतो. आत उतरलेल्या माणसाला वाटतं धोका टळला, आणि खरं तर तेव्हाच तो सर्वांत जवळ आलेला असतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा उतरतो आणि तिघंही जातात, त्यामागे हे बधिर झालेलं नाक असतं. तोंडाला बांधलेला रुमाल तिथे काही करत नाही, आणि साध्या कोळशाचा मास्कही जीव वाचवत नाही.

हाताने मैला साफ करायला आणि संरक्षणाविना गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झालेल्याच्या कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. तरी सोसायटीचा चेंबर तुंबला की आजही ‘कोणीतरी बोलवा’ असं म्हटलं जातं आणि कोणाच्या तरी घरचा मुलगा दोर धरून खाली उतरतो. डिंडोलीत, सुरतेत, जळगाव-धुळ्यात, जिथे हे वाचलं जात असेल तिथे, आपल्या सोसायटीच्या चेंबरमध्ये कोणालाही उतरू देऊ नका. महापालिकेची यंत्रं मागवा. तक्रार आणि मदतीसाठी देशभर चालणारा क्रमांक आहे १४४२०.